सही करण्यापूर्वी मराठीत मागा

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील घराघरांत एकच धांदल उडते. कोणते कॉलेज, कोणती शाखा, फी किती, गावाहून बस किती वाजता? या धांदलीत ज्या कागदांवर मुलांची पुढची वर्षे अवलंबून असतात, ते मात्र कोणी वाचत नाही. हजेरीची अट, परीक्षेचे नियम, वर्तणुकीची हमी हे सारे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेले असते. कारकून बोट ठेवतो तेथे वडील सही करतात आणि विषय संपतो.

मराठी शाळांसाठी आपण वर्षानुवर्षे झगडलो, ते योग्यच झाले. तथापि एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय असावी असे सांगते, पण ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते. खानापूरची किंवा निपाणीची मुलगी पदवीच्या वर्गात पाऊल टाकते तेव्हा त्या कलमाची सावली मागे राहिलेली असते. पुढे आधार उरतो तो विद्यापीठाच्या नियमांचा. मग हे नियम आपल्याला परके असून कसे चालेल?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम पाहा. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याने आणि पालकांनी वेगवेगळे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. ते इंग्रजीबरोबरच हिंदीत किंवा त्यांना अवगत असलेल्या प्रादेशिक भाषेतही असावे, असे नियमातच म्हटले आहे. म्हणजे शेतकरी बापाने 'मला हे मराठीत द्या' असे म्हटले, तर ती मेहेरबानीची याचना नव्हे. ही हमी आता संगणकावर भरून घेतात, म्हणून वाचण्याची गरज संपत नाही.

दुसरा प्रश्न उत्तरपत्रिकेचा. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र लिहिले की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. मात्र ही विनंती आहे, हुकूम नव्हे. निर्णय विद्यापीठाचा. २०१० पर्यंत बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, त्यानंतर ती राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. तेव्हा मागणी घेऊन जायचे ते याच विद्यापीठाच्या अकॅडेमिक कौन्सिलकडे, म्हणजे विद्वत्सभेकडे. मोर्चाला मैदान लागते, या मागणीला विषयवार अर्ज आणि विद्यार्थ्यांच्या सह्या लागतात. मूल गप्प बसते ते विषय येत नाही म्हणून, की उत्तर कोणत्या भाषेत लिहावे हे कोणी सांगितले नाही म्हणून? हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट तक्रारीची. एप्रिल २०२३ मध्येच आयोगाने विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम जाहीर केले. निकालास विलंब, मूल्यमापनातील अपारदर्शकता, मूळ कागदपत्रे अडवून ठेवणे या साऱ्या त्यांत तक्रारीच्या बाबी आहेत. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. समाधान न झाल्यास १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पण तेथे केवळ 'गुण कमी पडले, पेपर पुन्हा तपासा' असे म्हणून भागत नाही; ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणून प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि ती घरात जपून ठेवावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

नियमच अन्यायकारक वाटला तर? ऑगस्ट २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने पदवी अभ्यासक्रमात कन्नड सक्तीचे केले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने ही सक्ती करू नये, असा अंतरिम आदेश दिला. कन्नड शिकण्यास आपला विरोध नाही. शेजाऱ्याची भाषा यावीच. प्रश्न सक्तीचा आहे, आणि त्याचे उत्तर आदेशाचा कागद हाती घेऊन वाचणाऱ्यांनी मिळवले.

समितीच्या कार्यकर्त्यांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. हजेरी, परीक्षा आणि तक्रार या तीन बाबींचे नियम सोप्या मराठीत चार पानांवर उतरवा. ती पाने दर जून महिन्यात गावच्या शाळेत किंवा देवळात वाचून दाखवा. हायस्कूलच्या शिक्षकांनी जुन्या विद्यार्थ्यांचे अर्ज लिहून देण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. याला खर्च नाही, परवानगीही लागत नाही.

भाषेचा लढा दिल्लीच्या न्यायालयात चालू आहे, तो चालेल. पण यंदा प्रवेश घेणारे मूल त्या निकालाची वाट पाहत थांबू शकत नाही. त्याच्या दप्तरात पुस्तकांबरोबर त्याचे नियमही मराठीत असले पाहिजेत.