डिफरन्शियल गुणोत्तर (एमजीए व एमजीबी)

डिफरन्शियल गुणोत्तर म्हणजे मोटारीची चालक चाके एक फेरा पूर्ण करताना प्रोपेलर शाफ्ट किती फेरे घेतो, हे दर्शविणारी संख्या होय. क्राउन व्हीलच्या दातांच्या संख्येला पिनियनच्या दातांच्या संख्येने भागले असता ती मिळते. एमजीए (१९५५–१९६२) व एमजीबी (१९६२–१९८०) या मागील चाकांवर चालणाऱ्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहेत.

दातांची संख्या

सुरुवातीच्या एमजीएमध्ये क्राउन व्हीलला ४३ व पिनियनला १० दात असून गुणोत्तर ४.३ येते. एमजीए १६०० मार्क २ मध्ये ही संख्या ४१ व १० (४.१), तर एमजीबीमध्ये ४३ व ११ (३.९०९) आहे. प्रत्येक जोडीतील संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउन व्हीलच्या प्रत्येक दाताशी क्रमाने जुळतो व झीज समान होते.

मोजणी

जुन्या मोटारींतील भाग बदललेले असू शकतात; म्हणून केवळ मॉडेलवरून गुणोत्तर गृहीत धरता येत नाही. मोटार सपाट जागी उभी करून पुढील चाकांना अडण्या लावतात, गियर न्यूट्रलमध्ये ठेवतात, हँडब्रेक सोडतात आणि एक मागील चाक उचलून अॅक्सलखाली भक्कम स्टँड ठेवतात. दुसरे चाक जमिनीवर स्थिर राहते. प्रोपेलर शाफ्टचे फेरे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांच्या सरासरीवर अवलंबून असतात. त्यामुळे उचललेले चाक २० वेळा फिरविल्यास सरासरी १० फेरे होतात आणि शाफ्ट गुणोत्तराच्या दहापट फिरतो: ४.३ असल्यास ४३, ४.१ असल्यास ४१ व ३.९०९ असल्यास सुमारे ३९ फेरे. चाक एकदाच फिरविल्यास हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही.

परिणाम

टॉप गियरमध्ये इंजिन व शाफ्ट यांची गती समान असते. चाकाचा परिणामी परीघ १.८८ मीटर धरल्यास ताशी १०० किमी वेगाला ३.९०९ गुणोत्तरात इंजिन मिनिटाला सुमारे ३,४७० फेरे घेते, तर ४.३ मध्ये सुमारे ३,८१०. लहान गुणोत्तराने लांबच्या प्रवासात इंजिन शांत चालते. मोठ्या गुणोत्तराने चढ व वेगवाढ सुलभ होते.

या मोटारींत स्पीडोमीटरची केबल गियरबॉक्सला जोडलेली असल्याने गुणोत्तरातील बदल त्याला समजत नाही. ४.३ साठी जुळविलेल्या एमजीएमध्ये ३.९०९ चे दंतचक्र बसविल्यास प्रत्यक्ष वेग ताशी १०० किमी असताना काटा सुमारे ९१ दाखवितो व चालक नकळत वेगमर्यादा ओलांडू शकतो. त्यामुळे अशा बदलानंतर स्पीडोमीटर पुन्हा जुळवून घेणे आवश्यक असते.