एका अवतरणचिन्हाची किंमत चार लाख पौंड

गोव्यातील किंवा वसईतील एखादे डि'सोझा संकेतस्थळावरील अर्जात रोमन लिपीत आपले आडनाव भरतात आणि पडद्यावर अगम्य त्रुटीसंदेश उमटतो. चूक त्यांची नसते. आडनावातील 'डी' या अक्षरानंतर येणारे ते एवढेसे चिन्ह संगणकाला भलतेच काही सांगून गेलेले असते.

डेटाबेसशी संवाद साधण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. 'आडनाव अमुक असलेल्या ओळी दे' अशी आज्ञा देताना ते आडनाव दोन एकेरी अवतरणचिन्हांमध्ये लिहावे लागते. प्रोग्रामरने अर्जातील मजकूर जसाच्या तसा आज्ञेत चिकटवला, की आडनावातील चिन्हापाशीच अवतरण संपते आणि उरलेली अक्षरे आज्ञेचा भाग ठरतात. डि'सोझांच्या बाबतीत एवढ्याने फक्त गोंधळ होतो. मात्र एखाद्या खोडसाळाने त्या जागी चिन्ह टाकून पुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची अट लिहिली, तर ती अट सदैव खरी असल्याने सगळ्याच ग्राहकांच्या नोंदी बाहेर येऊ शकतात. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. जेफ फॉरिस्टल यांनी डिसेंबर १९९८ मध्येच 'फ्रॅक' या नियतकालिकात या धोक्याचे वर्णन केले होते.

तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची माहिती याच मार्गाने चोरीला गेली. त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचा तपशीलही गेला. २००९ मध्ये टिस्कालीचा ब्रिटनमधील व्यवसाय विकत घेताना आलेली जुनी पाने तशीच राहिली होती. २०१५ च्याच जुलै आणि सप्टेंबरमध्ये असेच हल्ले होऊनही कोणी सावध झाले नाही! तेथील माहिती आयुक्त कार्यालयाने २०१६ मध्ये कंपनीला चार लाख पौंडांचा दंड ठोठावला.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. आज्ञेत मजकूर न चिकटवता तेथे प्रश्नचिन्हासारखी खूण ठेवायची आणि मूल्य स्वतंत्रपणे पाठवायचे. डेटाबेस वाक्याचा अर्थ आधी लावून घेतो, मूल्य नंतर स्वीकारतो. छापील अर्जाच्या रिकाम्या चौकटीत कोणी काहीही लिहिले, तरी अर्जातील अटी बदलत नाहीत, तसेच हे. यालाच पॅरामीटरयुक्त क्वेरी म्हणतात.

उत्तर मात्र ओळी आणि रकान्यांच्या रूपात येते, तर प्रोग्रामला हवा असतो नाव, जन्मतारीख, शिल्लक असलेला एक 'ग्राहक'. ही भरणी हाताने करणे कंटाळवाणे, आणि रकान्यांचा क्रम बदलला की घोटाळ्याचे. जावासाठी २००१ मध्ये आलेले हायबरनेट आज्ञाही स्वतःच रचते. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाने २०११ मध्ये खुले केलेले डॅपर आज्ञा प्रोग्रामरकडेच ठेवते. मूल्ये पोहोचवणे आणि रकान्याचे नाव जुळवून वस्तू भरणे, एवढेच काम ते करते. नाव जुळले नाही, तर ती जागा निमूटपणे रिकामी राहते, हा त्याचा अवगुण. शिल्लक शून्य दिसते आणि त्रुटीसंदेश कुठेच येत नाही.

शिवाय अशी साधने वापरली म्हणून सुरक्षितता आपोआप येत नाही. चिकटवून तयार केलेली आज्ञा त्यांच्या हाती दिली, तर तीही ती इमानेइतबारे चालवतात. तक्त्याचे नाव किंवा क्रमवारीचा रकाना पॅरामीटर म्हणून पाठवता येत नाही. तेथे परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवून तिच्याशीच पडताळणी करावी लागते.