निघण्याआधी आणि थांबताना

कर्जत स्टेशनवरचा बटाटेवडा खाल्ला नाही असा मुंबई-पुण्याचा जुना प्रवासी सापडणे कठीण. पण गाडी तिथे थांबायची ती वड्यासाठी नव्हे. पुढे भोर घाट आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गावर काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेले की गाडी एक फूट वर चढते. एकट्या इंजिनाला हे ओझे पेलत नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. वंदे भारतसारख्या काही गाड्या आता बँकरशिवाय चढून जातात, पण ही जोडाजोडी कर्जतने पिढ्यानपिढ्या पाहिली आहे.

माझे अब्बा तिथे पॉइंट्समन होते. लहानपणी मी डबा घेऊन जाई आणि ते काम पाहत उभा राही. इंजिन जोडले म्हणजे गाडी निघाली असे होत नसे. कपलिंग बसले का, हवेचा पाइप जोडला का, ब्रेकचा दाब आला का, हे सगळे पाहायचे. मागचा ड्रायव्हर तयार असल्याची शिट्टी देई, पुढचा तिला उत्तर देई, आणि मगच चाके हलत. मला या थांबण्याचा कंटाळा येई. अब्बांना कधी आला नाही.

हे सगळे आठवायला निमित्त झाले माझ्या भाचीच्या कॉलेज प्रवेशाचे. फी भरण्याचा शेवटचा दिवस होता. खोपोलीच्या घरी बसून तिने मोबाइलवरून पैसे भरायला घेतले. पडद्यावर चक्र फिरू लागले, तेवढ्यात लाइट गेले आणि त्यांच्याबरोबर घरातले इंटरनेटही गेले. पैसे खात्यातून वजा झाले, पण कॉलेजच्या यादीत तिचे नाव काही चढले नाही. बँक म्हणाली, पैसे गेले. कॉलेज म्हणाले, आले नाहीत. पोरीने दोन दिवस जेवण सोडले. आठ दिवस चार खेटे घातल्यावर प्रवेश झाला, पण एका पोरीचे वर्ष जाता जाता वाचले. मी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या भाच्याला फोन केला आणि विचारले, असे मध्येच लटकते कसे रे? तो म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही कर्जतचे ना? मग तुम्हाला समजेल.’’

मी बी.ए. झालेला माणूस. कॉम्प्युटरशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. तरीही त्याने सांगितलेले मला समजले ते असे.

कॉम्प्युटर एका वेळी शेकडो कामे करतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो थोडे हे काम करतो, थोडे ते, आणि इतक्या झटपट फिरतो की सगळी एकदम चालल्यासारखी दिसतात. या गर्दीवर देखरेख ठेवणारी एक व्यवस्था असते. तिला रनटाइम म्हणतात. स्टेशन मास्तर समजा. नवे काम सुरू करायचे तर त्याला आधी जागा द्यावी लागते, त्याची पाटी कोरी करून द्यावी लागते, त्याची नोंद घ्यावी लागते. ही तयारी पुरी होण्याआधीच काम पळायला लागले, तर ते अर्धवट भरलेल्या पाटीवरून वाचते आणि चुकीचे वाचते. म्हणून पहिला नियम असा, की तयारी पूर्ण झाल्याशिवाय हिरवा दिवा नाही. आणि तयारीतच काही बिघडले, तर जेवढे जोडले तेवढे उलट क्रमाने सोडवायचे. अर्धे जोडलेले इंजिन घेऊन कोणी घाट चढत नाही.

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून खाली नळांतून येते आणि चाके फिरवते. असे फिरते यंत्र विजेच्या जाळ्याशी एकदम जोडत नाहीत. त्याचा वेग, त्याचा दाब आणि त्याचा ताल जाळ्याशी जुळला की मग स्विच टाकतात. ताल जुळण्याआधी जोडले तर यंत्रच मोडते. कवितेत असे झाले तर निदान ऐकणाऱ्याखेरीज कोणाला इजा होत नाही!

सुरुवातीचे झाले एवढे. भाच्याच्या मते खरी कसोटी थांबवण्यात असते.

समजा, चालू काम मध्येच रद्द करायचे आहे. सोपा उपाय म्हणजे ते जिथे असेल तिथे तोडून टाकणे. पण त्याच्या हातात काय आहे ते कुठे पाहिले? एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरला टोकन देत. टोकन ज्याच्या हाती, त्याचीच गाडी त्या मार्गावर. आता तो ड्रायव्हर टोकनसकट नाहीसा झाला तर? मागच्या सगळ्या गाड्या उभ्या राहतील. कॉम्प्युटरमधल्या कामांच्या हातीही अशी कुलपे असतात. कुलूप लावलेले काम मारून टाकले तर बाकीची कामे दाराशी ताटकळत राहतात. बरे, मारताना कुलूप उघडून दिले, तर आत जाणाऱ्याला अर्धवट पसरलेला संसार दिसतो आणि तो त्यालाच खरा मानून चालतो. जावा नावाच्या प्रसिद्ध संगणक-भाषेत चालू काम जागच्या जागी थांबवण्याची अशी एक आज्ञा होती. ती धोक्याची आहे, वापरू नका, असे तिच्या कर्त्यांनीच १९९८ साली सांगितले. २०२३च्या आवृत्तीपासून ती आज्ञा दिली तर ती चालतच नाही.

मग करायचे काय? तर तोडायचे नाही, सांगायचे. रनटाइम त्या कामासाठी एक खूण ठेवते: ‘थांब.’ काम आपल्या वाटेवरच्या सुरक्षित जागी आले की खूण पाहते, हातातले खाली ठेवते, कुलूप उघडते, पसारा आवरते आणि मग थांबते. खोपोलीसारख्या उंचावरून पाणी घेणाऱ्या वीजघरात हीच युक्ती लोखंडात केलेली असते. यंत्र तातडीने थांबवायचे म्हणून नळातले धावते पाणी एकदम अडवले, तर त्याचा धक्का नळच फोडील. म्हणून पाण्याच्या धारेपुढे एक पत्रा येतो आणि धार चाकावरून बाजूला वळवतो. पाणी वाहतच असते, चाकावर मात्र पडत नाही. मग झडप सावकाश बंद होते.

आणि ज्याला सांगूनही ऐकता येत नाही त्याचे? घाट उतरणारी गाडी मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबते, कारण आपले ब्रेक धरताहेत हे तिला दाखवून द्यावे लागते. बेफाम सुटलेल्या गाडीसाठी घाटात कॅच सायडिंग आहेत. हे रूळ चढावर जातात आणि गाडीचा वेग आपोआप मरतो. सांधा मुळात त्या बाजूलाच लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे दिसले की मुख्य मार्ग मिळतो. यातले शहाणपण हे, की संकट आल्यावर कोणी धावत जाऊन सांधा बदलायचा नसतो. सुरक्षित वाट आधीच लावून ठेवलेली असते.

या सगळ्या गोष्टी नियमांत बांधणारी एक संगणक-भाषा आहे. तिचे नाव ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. तिचे नाव एडा. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस, जन्म १८१५, हिच्यावरून ते ठेवले. १९८३ साली या भाषेचे नियम प्रमाण ठरले. त्यांत असे आहे, की एका कामाने पोटची कामे जन्माला घातली, तर त्या सगळ्यांची सुरुवात होईपर्यंत आईने पुढे जायचे नाही. एखादे सुरुवातीलाच कोसळले तर तसे आईला कळवले जाते. काम रद्द केले तर त्याच्यावर अवलंबून असलेली पोटची कामेही रद्द होतात, वाऱ्यावर सोडली जात नाहीत. १९९५च्या आवृत्तीत आणखी स्पष्ट केले, की एखाद्या वस्तूची मांडणी किंवा आवराआवर चालू असताना रद्द करण्याचा हुकूम आला, तर त्याने ती संपेपर्यंत दाराबाहेर थांबायचे.

भाचीच्या फीचे काय झाले असेल, तेही आता समजते. पैसे काढणे हे एक काम, नाव लिहिणे हे दुसरे. पहिले झाले आणि दुसरे सुरू होण्याआधी दोर तुटला. लाइट जाणारच, इंटरनेट तुटणारच. ते गृहीत धरूनच अशी व्यवस्था बांधायची असते. काम सुरू करण्याआधी नोंद करायची. मध्ये तुटले तर नोंद पाहून एक तर पुढे पुरे करायचे, नाही तर मागे फिरून पैसे परत ठेवायचे. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, म्हणजे घाबरून दोनदा बटण दाबले तरी पैसे एकदाच जातील. हे ज्याने केले नाही, त्याने आपली आवराआवर एका अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर टाकली. तिने घातलेले चार खेटे हे त्या यंत्रणेचे काम होते.

गाडी किती जोरात धावते याचे आपल्याला फार कौतुक. अब्बांची सारी नोकरी मात्र गाडी निघण्याआधीच्या आणि थांबतानाच्या त्या चार मिनिटांत गेली. लोक तेवढ्या वेळात वडा खात. त्यांना काही कळत नसे, आणि त्यांना काही कळू नये म्हणूनच अब्बा रुळांत वाकलेले असत.