शिट्टी ऐकून कोण धावतं?

आष्टीत पहाटे पाचच्या आत मैदानावर मोबाईलच्या उजेडात पोरं पळत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. मग शंभर मीटर आणि गोळा. बहुतेकांचा डोळा जिल्हा पोलिसांच्या जागांवर असतो. 'कारागृह शिपाई' हा अर्ज 'तोही भरून ठेवू' म्हणून भरला जातो. 2024 च्या भरतीत 17,471 जागांपैकी 1,800 या पदाच्या होत्या, पुढच्या 15,631 मध्ये 580. घरचे म्हणतात, सरकारी नोकरी लागली म्हणजे झालं. कोयता घेऊन उसाच्या फडात जन्म काढलेल्यांनी तसं म्हणणं साहजिकच आहे. पण ही नोकरी काय चीज आहे, हे त्या पोराला कुणीतरी आधी सांगायला हवं.

बंदूक तटावर आणि मनोऱ्यावर असते, बराकीत नसते. पन्नास बंद्यांत एकट्याच्या खांद्यावर बंदूक असली, तर ती हिसकावली जायला कितीसा वेळ? म्हणून आत फिरणाऱ्याकडे फार तर काठी आणि शिट्टी. त्या शिट्टीला जोर येतो तो ती ऐकून धावत येणाऱ्यामुळे. मैदानावर प्रत्येक जण आपापल्या वेळेसाठी पळतो. तुरुंगात दुसऱ्यासाठी पळावं लागतं.

संध्याकाळची मोजणी घ्या. बंद्यांना जोडीजोडीने बसवतात. एक जण मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो. कुलूप लागलं की ते ओढून बघतात. प्रत्येक बराकीचा आकडा गेटवर जातो आणि एकूण संख्या जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही. दवाखान्यात हलवलेल्या एकाची नोंद राहिली, तरी सगळे खोळंबतात. रात्री बराकीच्या किल्ल्या आत गस्त घालणाऱ्याकडे ठेवत नाहीत. कुणाच्या छातीत कळ आली, तर तो गजांबाहेरून धीर देत राहतो आणि किल्ली घेऊन येणाऱ्याच्या पावलांकडे कान लावतो. ती दोन-चार मिनिटं फार लांब असतात.

अशा कामाला माणूस पुरेसा हवा. आदर्श कारागृह नियमावली सहा बंद्यांमागे एक रक्षक सांगते. त्यातून तीन पाळ्या, रजा, आजारपण वजा केलं की प्रत्यक्ष उभा राहणारा कितीसा उरतो? येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि तिथे कित्येक वर्षं दुपटीहून अधिक माणसं कोंबलेली आहेत. ही ओढाताण भागवायला शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांतूनच वॉर्डर नेमतात. 1894 च्या कारागृह कायद्याने त्यांना लोकसेवक मानलं होतं. म्हणजे रक्षकाला आधार कुणाचा, तर ज्याची राखण करायची त्याचाच. जागा भरणं ही म्हणूनच निव्वळ रोजगाराची बाब नाही, आत असलेल्या सगळ्यांच्या जिवाची आहे.

सोबत्यांच्या एकमेकांवरच्या भरवशाला दुसरी बाजूही आहे. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात अशाच एका वॉर्डर महिलेचा मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि सहा महिला कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. ज्याच्या जिवावर रात्र काढायची, त्याला 'बस, हात आवर' म्हणणं जड जातं. तरी ते म्हणायला सोबत्याशिवाय तिथे दुसरं कोण असतं? भिंतीबाहेरच्यांना तर आवाजही येत नाही.

पाळी बदलते तेव्हा वहीवर सही होते, संख्या सांगितली जाते. निघता निघता जुना हवालदार नव्या पोराला हळूच सांगतो, "तीन नंबरमधल्या त्या कोपऱ्यातल्याकडे लक्ष ठेव. आज मुलाखतीला घरचं कुणी आलं नाही, जेवलाही नाही." वहीत यासाठी रकाना नसतो. नवा पोरगा त्या रात्री तीन नंबरपाशी दोन फेऱ्या जास्त मारतो.