खाटेचा विमा आणि परिचारिकेचा मोबदला

सूरजागडचे नाव अलीकडे वृत्तपत्रांत येते ते तेथील लोहखनिजापायी. परंतु ज्या वर्षी, 26 ऑगस्ट 1982 रोजी, चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन हा मुलूख गडचिरोली या नव्या जिल्ह्याच्या दप्तरी दाखल झाला, त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाचाही अंगीकार झाला, हा योगायोग फारसा कोणाच्या स्मरणात नाही. मनोविकाराची शुश्रूषा मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर काढून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यावी, हे त्या कार्यक्रमाचे सूत्र. आणि ज्या माडिया कुटुंबाला आधी गावचा पुजारी, मग एटापल्लीचा दवाखाना आणि अखेर नागपूरचे मनोरुग्णालय एवढी मजल मारावी लागते, त्याच्याहून याची निकड अधिक कोणास?

पैशाची वाट मात्र उलट दिशेने गेली. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबास वार्षिक दीड लाखांचे विमाछत्र मिळाले, आणि रक्कम थेट अंगीकृत रुग्णालयाच्या खात्यात जमा होऊ लागली. पाठपुराव्याची कल्पना योजनेला अपरिचित होती असे नव्हे. 972 उपचारांसोबत 121 पाठपुरावा सेवांची तरतूद होती. पण त्याही रुग्णालयाच्याच हिशेबी. महिन्यामागून महिना घरी जाऊन, गोळ्या चालू आहेत ना, झोप लागते ना, हे विचारणाऱ्या सिस्टरचे काम त्या जमाखर्चात बसवायला रकाना नव्हता.

पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून अंमलात आला. मनोविकाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा, असे त्याने फर्मावले आणि प्रशिक्षित मानसिक आरोग्य परिचारिकेला व्यावसायिकाचा दर्जाही दिला. त्याच वर्षी आलेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत मनोविकारांचा समावेश झाला खरा, पण दर ठरला तो खाटेवरील दिवसांचा.

परिचारिकेला थेट मोबदला देणे अशक्य नाही. अमेरिकेत 1998 पासून मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे स्वतः उपचार करण्याचे प्रगत शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला, वैद्याच्या दराच्या 85 टक्के मोबदला थेट देते. ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये आपल्या मेडिकेअरचे दार त्यांना उघडले. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम काढला, तो आधी अतिदक्षता विभागापुरता; म्हणजे पुन्हा खाटच! पहिले आरोग्यवर्धिनी केंद्र गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे एप्रिल 2018 मध्ये उघडले. अशा केंद्रांतील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या, आणि यांत परिचारिका पुष्कळ, कामांत मानसिक आरोग्य आहे. मोबदला मात्र वेतन व कामगिरीवरील भत्ता या रूपाने, विम्यातून नव्हे.

असे काम करणाऱ्यांच्या योग्यतेची शंका निदान या जिल्ह्याने तरी घेऊ नये. अल्पशिक्षित गावकरी स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात अर्भकांचे प्राण वाचवू शकतात, हे डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने येथेच 1999 पूर्वी सिद्ध केले.

1 जुलै 2024 पासून राज्याच्या योजनेचे ते दीड लाखांचे विमाछत्र पाच लाखांचे झाले. सूरजागडच्या मनोरुग्णाला पाच लाखांची क्वचितच गरज पडेल. त्याच्या दारी येणाऱ्या परिचारिकेची गृहभेट ही स्वतंत्र बाब म्हणून दरपत्रकात रुजू करावी, एवढीच शासनास विनंती आहे.