लहान पाळीव प्राणी : किंमत एकदाची, खर्च रोजचा

शाळेला सुट्ट्या लागल्या की घरोघरी मुलांचा हट्ट सुरू होतो. कुणाला पक्षी हवे, कुणाला ससा, कुणाला मासे. वडीलधारी मंडळी प्राण्याच्या किमतीत घासाघीस करतात. महिन्याला खायला किती लागेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतो. हातावर पोट असलेल्या कारागिराच्या घरी हाच प्रश्न पहिला हवा. बाजारभाव रोज बदलतात, म्हणून आम्ही येथे रुपयांऐवजी वजन आणि विजेची युनिटे देत आहोत. वाचकांनी आपल्या दुकानातील भाव लावून गुणाकार करावा.

बाजारात ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते बहुधा बजरीगर असतात. एक पक्षी दिवसाला ८ ते १० ग्रॅम दाणे खातो, म्हणजे जोडीला महिन्याला सहाशे ग्रॅमपर्यंत राळे-बाजरी पुरते. सोबत समुद्रफेनाचा एक तुकडा. यापेक्षा स्वस्त प्राणी आम्हाला दिसत नाही. एक मात्र सांगतो : वाटीत वर टरफले साचतात आणि वाटी भरलेली दिसते, आत दाणा नसतो. रोज फुंकर मारून पाहावे, नाहीतर पक्षी भरल्या वाटीपाशी उपाशी मरतो.

कबुतराचा हिशेब निराळा. एकाला दिवसाला ३० ते ४० ग्रॅम धान्य लागते. जोडीचे दोन-सव्वादोन किलो कुणालाही जड नाही. पण गच्चीवरचा शौक एका जोडीवर थांबतो कुठे? मादी एका वेळी दोन अंडी घालते आणि सुमारे अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. दहा जोड्या झाल्या की महिन्याला १८ ते २४ किलो धान्य, म्हणजे एका लहान कुटुंबाचा किराणा. शौकीन मंडळी रागावतील, पण हिशेब हा असा आहे.

सशाचे खाणे स्वस्त : मुख्यतः सुके गवत, थोडा पाला. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून गवत हवेच. खरा खर्च नागपूरचा उन्हाळा करतो. नवतपाच्या आसपास पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सशाला तिशीपलीकडची उष्णताच सोसत नाही. दीडशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालवला तर महिन्याला ४५ युनिटे होतात. घरची माणसे त्याच कूलरपाशी बसत असतील तर ससा फुकटात निभावतो. टिनाच्या शेडखालच्या कारखान्यात मात्र त्याला ठेवूच नये. नर-मादी एकत्र ठेवल्यास महिन्याभरात पिल्ले, आणि खर्च अनेक पट.

मासे विजेवर जगतात, पण थोडक्यात. पाच वॅटचा पंप चोवीस तास चालून महिन्याला ३.६ युनिटे घेतो. साठ लिटरच्या टाकीतले १५ लिटर पाणी दर आठवड्याला बदलावे. काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश फार काळ टिकत नाही. तो पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो, हाही खर्चच.

मांजर खाटकाकडच्या तुकड्यांवर वाढते म्हणतात, पण दरवर्षीची रेबीजची लस हिशेबात धरावी. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आजारी जनावर तेथे दाखवता येते.

हिरवा देशी पोपट, मुनिया आणि तारा कासव यांचा खर्च आम्ही मांडलाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. स्वस्तात मिळाले तरी दंड आणि कोर्टाच्या चकरा महाग पडतात.

या धंद्यातील बांधवांसाठी : २०१८ च्या नियमांनुसार प्राणी विकणाऱ्या दुकानाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची आहे. पिंजऱ्यासोबत महिन्याचे दाणे मोजून चिठ्ठीवर लिहून द्यावे. पक्षी जगला तर तोच ग्राहक दर महिन्याला दाण्यासाठी परत येतो, आणि दुकानाचे भाडे त्याच गल्ल्यातून निघते.