लिंकनचे कवायतगृह

विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनावर ‘रस्टन’ हे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांनी पाहिले असेल. त्या नावाचे मूळ इंग्लंडातील लिंकन शहरी आहे. तेथील कारखानदार जोसेफ रस्टन यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या एका वास्तूची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

१८५९ साली फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन स्वारी करील, या धास्तीने इंग्लंडात ठिकठिकाणी स्वयंसैनिकांची पथके निघाली. कारकून, दुकानदार, कारागीर दिवसा आपला धंदा करीत आणि सायंकाळी कवायत शिकत. आरंभी गणवेश व शस्त्रेही त्यांना पदरमोड करून घ्यावी लागत. ही माणसे राहत आपापल्या घरी. तेव्हा त्यांना बराकी नकोत, पण पावसापाण्यात कवायत करण्यास आणि बंदुका कुलपात ठेवण्यास एक प्रशस्त छप्पर हवे. म्हणून कोठे वर्गणीतून, तर कोठे एखाद्या धनिकाच्या देणगीतून कवायतगृहे उभी राहिली. लिंकनचे कवायतगृह १८९० साली ब्रॉडगेट रस्त्यावर बांधले गेले. त्याची दर्शनी बाजू किल्ल्याच्या तटासारखी आहे.

परंतु या किल्ल्यावर पहिला हल्ला झाला तो निराळ्याच शत्रूचा. १९०४-०५ च्या हिवाळ्यात दूषित पाण्यामुळे शहरात विषमज्वराची साथ पसरली. हजारावर माणसे आजारी पडली व शंभराहून अधिक दगावली. रुग्णालये अपुरी पडताच कवायतीच्या जागी रुग्णांच्या खाटा आल्या. याच साथीत डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी शहराच्या पाण्यात क्लोरीनयुक्त औषध घालून ते जंतुरहित केले. आज आपल्या गावच्या टाकीत जे औषध पडते, त्याच्या प्रारंभीच्या प्रयोगांपैकी हा एक होय.

१९०८ साली नव्या कायद्यान्वये जुनी पथके प्रादेशिक सेनेत सामील झाली. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि कवायतीत वाढलेले तरुण रणांगणावर गेले. १३ ऑक्टोबर १९१५ रोजी फ्रान्समधील होहेनझोलर्न तटबंदीवर त्यांच्या डिव्हिजनने चढाई केली. त्या एका चढाईत डिव्हिजनचे साडेतीन हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. शेजारीपाजारी एकाच पलटणीत असल्याने एकाच आळीतील कित्येक घरांवर एकदम दुःख कोसळले. गावच्या पलटणीचा अभिमान जसा साऱ्या गावाचा, तसा तिचा शोकही साऱ्या गावाचाच असतो.

पुढे ती वास्तू नागरिकांच्या उपयोगात आली आणि २००४ साली कलाकेंद्र म्हणून तिची दारे पुन्हा उघडली.

वाचकहो, हे छप्पर बांधले बंदुकांसाठी. पण त्याखाली रुग्णांनाही आसरा मिळाला. आपल्याही गावात वर्गणीने बांधलेली सभागृहे आहेत. लग्नकार्य आटोपले की त्यांना कुलूप लागते. संकटाच्या रात्री ते कुलूप कोण उघडील, किल्ली कोणाजवळ आहे, एवढे तरी आपण आजच ठरवून ठेवू या.